बोटभर उघडी

रविवारी सकाळी नवरा मागच्या फरशीवर उकिडवा बसून शेगडीत कोळसा मांडत होता, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे नाही, त्याच्या वडिलांकडे बघत होते.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आमची मुलगी होती. तिला आम्ही भुंगा म्हणतो, कारण जागी असली की ती सतत काहीतरी गुणगुणत असते. गुणगुण थांबली की समजायचं, एकतर झोपलीय, नाहीतर काहीतरी उपद्व्याप चाललाय.

"या शेगडीला केटल म्हणतात, अण्णा," नवरा सांगत होता. "आकारावरून."

"मग चहा कुठून ओतायचा?" अण्णा म्हणाले. "आणि आकारावरूनच नाव द्यायचं तर मला काय म्हणाल? सांग गं भुंग्या."

"भोपळा!" भुंगा ओरडली.

"घ्या! आजोबांची किंमत कळली."

शेगडी गोल आणि काळी, तीन पायांची, वर घुमटासारखं झाकण. एरवी तिच्यात कोळसा ढीग करून पेटवतात, वीतभर ज्वाळा निघतात आणि जे काय भाजायचं ते भाजून मोकळं व्हायचं. पण दिवसभर मंद आचेवर शिजवायचं असलं की कोळसा वेगळा मांडावा लागतो. कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या मिळतात. त्या आतल्या कडेने एकीला एक टेकवत लावायच्या, कपाटातलं एक पुस्तक कललं की पुढची सगळी त्याच्यावर कलतात तशा. जोडीजोडीने, आणि वर आणखी एक थर. वर्तुळ मात्र पुरं करायचं नाही, पाव भाग मोकळा ठेवायचा. मग एकाच टोकावर चारदोन पेटलेल्या वड्या ठेवून द्यायच्या. विस्तव शेजारणीकडून शेजारणीकडे जात राहतो, बातमीसारखा. मधल्या रिकाम्या जागेत पाण्याचा ट्रे, त्यावर जाळी, जाळीवर मटणाचा अख्खा खांदा. संध्याकाळपर्यंत विस्तव दुसऱ्या टोकाला पोचतो आणि मांस हाडावरून आपोआप सुटतं.

"आगगाडी," भुंगाने जाहीर केलं. "डबे, डबे, डबे. आणि इंजिन पेटलं!"

"बघ, एवढ्याशा पोरीला कळलं," अण्णा म्हणाले. "तू आपलं मघापासून केटल केटल करतोयस."

मी हसले, पण हात पुसता पुसता माझी नजर अण्णांच्या डाव्या हाताकडे होती. तो भुंगाच्या पोटाभोवती नीट होता. ती पुढे वाकली की हात आवळायचा, मागे टेकली की सैल व्हायचा. बरं, हे एक झालं, असं मी मनात म्हटलं.

कारण त्या दिवशी अण्णांची परीक्षा होती, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

माझी बाळंतपणाची रजा कधीच संपली होती. त्यानंतरची बिनपगारी सुट्टीही संपत आली होती. मी विमा कंपनीत आलेले दावे तपासते. माणसाने लिहिलंय ते खरंच घडलं का, हे बघणं माझं काम. ऑफिसातून विचारणा झाली होती की येताय का जागा भरू. भुंगाला पाळणाघरात ठेवायचं की अण्णांकडे, एवढाच प्रश्न उरला होता. अण्णा एकटे राहतात, आमच्यापासून थोड्याच अंतरावर, एका खोलीत. मी परत कामावर जाणार हे कळलं त्याच दिवशी ते स्वतः म्हणाले होते, "मी येत जाईन की रोज. मला तरी दुसरं काय काम आहे?" सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी केस कापून, नवीन चप्पल घालून आले. मुलाखतीला आल्यासारखे.

आणि तेव्हापासून मी त्यांच्याकडे बघायला लागले होते. मागे एकदा त्यांनी रिकाम्या पातेल्याखाली गॅस सुरू ठेवला होता. एकदा त्यांचा चष्मा पावाच्या डब्यात निघाला. खरं सांगायचं तर त्याच महिन्यात माझा फोन फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या मागे सापडला होता. पण माझ्या बाबतीत त्याला झोप न होणं म्हणतात, आणि अण्णांच्या वयात त्याला वेगळं नाव आहे. ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, ते नाव फोनवर दोनदा उच्चारलंही होतं. "अण्णांचं आता काही खरं नाही हं. पोर सोपवायच्या आधी दहा वेळा विचार कर. मी आपली सांगून मोकळी."

आदल्या संध्याकाळी भांडी आवरताना नवरा म्हणाला होता, "असं कर. उद्या ताई जेवायला येणारच आहे. शेगडी लावू, दिवसभराचं काम आहे. भुंगा आणि शेगडी, दोन्ही अण्णांवर सोडू. तू खिडकीतून बघ. संध्याकाळी तुला वाटलं जमतंय, तर जमतंय. नाहीतर पाळणाघर. मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि त्यांना सांगायचं?"

"सांगितलं तर परीक्षा कसली?"

मला ते पटलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण तेव्हा मला ते पूर्ण पटलं होतं.

झाकण लावून होतंय तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि लिफ्टला रविवार कळत नाही. कुठल्यातरी दवाखान्याची लिफ्ट मजल्यांच्या मधे अडकली होती. तो बूट घालत, एका पायावर उड्या मारत अण्णांना सांगत होता, "धूर पातळ झाला ना, की खालची झडप बोटभर उघडी ठेवा. आत्ता पूर्ण उघडी आहे, ती आत घ्या. बाकी कशाला हात लावू नका. झाकण तर मुळीच उघडायचं नाही. दर वेळी उघडलं की आतली धग जाते."

"बोटभर," अण्णा म्हणाले. "झाकण नाही. कळलं."

"नक्की?"

"अरे जा, तिकडे माणसं लटकलीयत."

तो गेला. मी खडूने फरशीवर शेगडीभोवती मोठा गोल काढला आणि भुंगाला सांगितलं की याच्या आत यायचं नाही. तिने लगेच एक पाय आत ठेवला. मी ओरडणारच होते, पण अण्णा खुर्चीतून न उठताच म्हणाले, "अरे बापरे, मगर!"

भुंगाने पाय मागे घेतला. "कुठेय?"

"त्या काळ्या पोटाखाली. झोपलीय. लाइनच्या आत अंगठा दिसला की जागी होते. तिला फक्त अंगठे आवडतात. बोटं नाही खात."

त्यानंतर दिवसभरात ती एकदाही त्या रेषेच्या आत गेली नाही. स्वतःच रेषेवर उभी राहून बाहुलीला दटावायची, "अंगठे आत घे, शहाणे." मी हे सगळं खिडकीतून बघितलं. अण्णांनी शेगडीकडे कधी पाठ केली नाही आणि भुंगाकडेही नाही. खुर्ची त्यांनी अशी सरकवून घेतली होती की दोघी एका नजरेत याव्यात. ती भिंतीजवळच्या नळाकडे गेली की ते उठून जात. तिला पाणी प्यायला लावलं, टोपी घातली. मुंग्या कुठे जातात ते बघायला दोघं गुडघ्यांवर बसले, तेव्हाही अण्णांचं एक ढोपर रेषेच्या आणि तिच्या मधे होतं.

धूर पातळ झाला तसे ते उठले. माझ्याकडे पाठ करून शेगडीच्या तळाशी वाकले. तिथे राखेच्या डब्यावर एक दांडी असते, ती सरकवली की तळाची झडप कमीजास्त होते. काहीतरी बराच वेळ निरखलं, दांडी जरा हलवली, परत जरा मागे आणली, आणि समाधानाने हात झटकत ते खुर्चीत येऊन बसले.

थोड्या वेळाने मी ओले कपडे वाळत घालायला बाहेर गेले. जाता जाता दांडीकडे पाहिलं. मागे नवऱ्याने अशीच शेगडी लावली होती, तेव्हा मी पाहिलं होतं. दांडी बंद टोकाच्या अगदी जवळ असते, जेमतेम फट. आता ती जवळजवळ पूर्ण उघडी होती.

विसरले, असं माझ्या मनात आलं. आत्ता सांगितलं आणि आत्ता विसरले.

माझ्या हातात भुंगाचा फ्रॉक होता. मी तो झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. "अण्णा, झडप जरा जास्त उघडी राहिलीय का हो?" एवढंच म्हणायचं होतं. पण परीक्षेत उत्तर सांगायचं नसतं. मी आत आले.

त्यानंतर मी पाहत होते ते वेगळ्याच नजरेने. झाकणाच्या वरच्या भोकातून येणारा धूर हळूहळू इतका विरळ झाला की फक्त हवा थरथरताना दिसायची. झाकणावरच्या तापमानाच्या काट्याने हवी ती जागा सोडली आणि तो पुढे पुढे सरकत राहिला. त्या गोल काचेवरचे आकडे म्हणजे काय ते अण्णांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते भुंगाला बटणं लावायला शिकवत होते, स्वतःच्या शर्टाची. पहिलं लागलं की दोघं टाळ्या वाजवायचे आणि ते परत काढायचे.

दुपार कलली तसा वास बदलला. अण्णांनी मान वर करून हुंगलं आणि खिडकीकडे वळून हाक मारली, "अगं, ऐकतेस का? वास जरा करपट येतोय का?"

येत होता. चांगलाच येत होता.

"तुम्हाला काय वाटतं, अण्णा?" मी म्हटलं.

ते विचारात पडले. मी त्यांचा सल्ला घेतेय असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांचा चेहरा जरा खुलला. "मला वाटतं चरबी गळत असेल. आणि तो झाकण उघडू नका म्हणालाय ना. नको उघडायला."

"बरं," मी म्हटलं.

ताई आल्या त्या वास घेतच. पिशवी टेबलावर ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "काय जाळलंत?" मी खांदे उडवले. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी काही बोलले नाही, आणि माझ्या न बोलण्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला.

नवरा परतला तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. तो फाटकातूनच ओरडला, "काय अण्णा, कुठवर आली आगगाडी?" आणि मग त्यालाही वास आला. त्याने पिशवी तिथेच टाकली आणि झाकण उचललं.

आगगाडी कधीच पोचली होती. कडेने कोळशाच्या जागी राखेचे करडे आकार उरले होते, हात लावताच ढासळले. ट्रेमधलं पाणी आटून तळाला डांबरासारखं काहीतरी चिकटलं होतं. मटणाचा खांदा आखडून मुठीएवढा झाला होता, बाहेरून कोळसा. नवऱ्याने चिमट्याने त्यावर ठोकलं, तर टकटक वाजलं.

"अण्णा! झडप पूर्ण उघडी आहे ही! एकच गोष्ट सांगितली होती ना तुम्हाला? एकच!"

"मी बघ काही बोलत नाही," ताई म्हणाल्या, आणि बोलल्या. "पण हेच मी फोनवर सांगत होते. आज मटण गेलं, उद्या दुसरं काही गेलं असतं तर?"

अण्णा खुर्चीतून उठले होते. भुंगा त्यांच्या पायाला चिकटली होती. गुणगुण थांबली होती.

"बोटभरच उघडीय," ते म्हणाले.

"बोटभर?"

अण्णांनी पुढे येऊन वाकून उजव्या हाताची तर्जनी दांडीला समांतर धरली. बंद टोकापासून दांडीपर्यंत. नख बंद टोकाला, बोटाचं मूळ दांडीला. तंतोतंत.

नवऱ्याने त्या बोटाकडे पाहिलं. मग त्याने स्वतःचं बोट आडवं धरलं. "अहो, बोटभर म्हणजे एवढं! बोटाच्या रुंदीएवढं!"

"रुंदी?" अण्णा म्हणाले. "बोटभर म्हणजे लांबी. बोटभर खिळा म्हटलं तर केवढा देतात?"

अण्णांनी सगळं आयुष्य हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे काढलं. बोटभर खिळे, बोटभर स्क्रू, बोटभर बिजागरी. गिऱ्हाईक बोट दाखवायचं आणि अण्णा मागे न बघता त्या खणात हात घालायचे.

आधी ताईंनाच हसू फुटलं. फिसकन सुरुवात झाली आणि थांबेना. "बोटभर खिळा! अरे, तुलाच पाऊण इंच म्हणायला काय झालं होतं?" नवराही हसायला लागला, राखेचे हात हवेत धरून. अण्णा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत हळूच हसले. माझ्या छातीवरून कोणीतरी दगड काढून घेतला. ते विसरले नव्हते. दिवसभर ते एकही गोष्ट विसरले नव्हते.

"चला!" नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, हसता हसताच. "म्हणजे मटण गेलं पण प्रश्न मिटला. काय गं? अण्णा पास!"

"कसला प्रश्न?" अण्णांनी विचारलं.

नवऱ्याचं हसू ओठांवरच राहिलं. "काही नाही हो."

"पास कशात?"

ताई पदराने डोळे पुसत होत्या, त्या थांबल्या. मला वाटलं नवरा काहीतरी थाप मारेल, पण त्याला थापा मारता येत नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि अण्णांनीही मग माझ्याकडे पाहिलं.

"भुंगाला तुमच्याकडे ठेवायचं ना, अण्णा," मी म्हटलं. "म्हणून फक्त... एक दिवस बघावं, असं..."

"हं," अण्णा म्हणाले.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. माझा नॅपकिन अजून चौकटीवर होता.

"तू दिवसभर तिथे होतीस. मला वाटलं स्वयंपाक चाललाय."

मी मान डोलावली.

"कपडे वाळत घालायला आलीस तेव्हा दांडी दिसली असेल तुला."

"दिसली."

"चुकलीय असं वाटलं?"

"हो."

"मग मी वास विचारला, तेव्हा?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. ते नुसतं जुळवून बघत होते, हिशोबात काही राहिलं का असं. मला म्हणायचं होतं की मी आई आहे, मला भीती वाटते, तुम्ही पातेल्याखाली गॅस ठेवला होतात. सगळं खरंच होतं. पण त्यातलं एकही वाक्य त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"चुकलं माझं, अण्णा," मी म्हटलं. "सांगायला हवं होतं."

"असू दे गं. तू आई आहेस, बघणारच." त्यांनी वाकून आपल्या पायाला घातलेली भुंगाची मिठी अलगद सोडवली. "पाळणाघरात घाल तिला. चांगलं असतं. बरोबरीची पोरं मिळतात."

"अण्णा, असं काय करता?" नवरा म्हणाला. "आत्ताच तर कळलं ना, घोळ शब्दाचा होता. तुमची चूकच नव्हती."

"तेच म्हणतोय मी. आज माझी चूक नव्हती, ते तुम्हाला बोट लावून दाखवता आलं. रोज कुठलं बोट लावू?" त्यांनी बोट शर्टाला पुसलं. "मला जमेल की नाही, असं मनात कधी आलंच नव्हतं रे. आता पोरीच्या तोंडात घास देतानाही वाटेल, खिडकीत कोणी आहे का. असं मूल सांभाळता येत नाही. हात कापतो."

ताईंनी पावाचे काप काढले, मी अंडी फोडली. आम्ही तेच खाल्लं. अण्णा भुंगाला भरवायला बसले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले आणि ताईंबरोबर लवकर निघून गेले. जाताना त्यांनी मला नेहमीसारखं "येतो गं" म्हटलं, त्यामुळे काहीच बिघडलं नाही असं क्षणभर वाटलंसुद्धा.

त्यानंतर मी दोनदा त्यांच्या खोलीवर जाऊन आले. पहिल्यांदा एकटी, दुसऱ्यांदा भुंगाला घेऊन. त्यांनी चहा केला, विषय काढू दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हट्ट करू नकोस. मी काही रुसलेलो नाही." ते रुसलेले नव्हते, हे मलाही कळत होतं. रुसणाऱ्याला परत यायचं असतं.

भुंगा आता पाळणाघरात जाते. तिथल्या बाई चांगल्या आहेत, खिडक्यांना जाळ्या आहेत, दारात नाव विचारल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. मला हवं होतं ते सगळं तिथे आहे. मी ऑफिसात बसून लोकांचे दावे तपासते आणि पूर्वीपेक्षा जास्त मंजूर करते. साहेब एकदा म्हणालेसुद्धा, "काय मॅडम, हल्ली सगळेच खरं बोलायला लागले का?"

अण्णा रविवारी येतात. खाऊ आणतात, गप्पा मारतात, ताईंची नक्कल करतात. भुंगा त्यांच्या अंगावर चढते तेव्हा हसतातही. पण परवा ती बाहेरच्या पायऱ्यांवरून धावत निघाली आणि शेवटच्या पायरीवर तिचा तोल गेला. अण्णा तिच्या अगदी शेजारी उभे होते, नुसता हात पुढे करायचा अवकाश होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात ती पडली. फार काही लागलं नाही, गुडघा सोलवटला. मी धावत जाऊन तिला उचललं. अण्णा तिथेच उभे होते, दोन्ही हात अंगाशी धरून.

"घेऊ का मी?" त्यांनी विचारलं.